बनवायला पैसा, दाखवायला पैसा

गेल्या हिवाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या आम्ही सात-आठ जणांनी एक बेत केला होता. दलित आणि आदिवासी दिग्दर्शकांच्या फिल्म तीन संध्याकाळी, तीन वस्त्यांमध्ये दाखवायच्या. नाव मात्र मोठं ठेवलं, ‘चित्रपट महोत्सव’. खर्चाचा अंदाज काढला, तर तो काही फार नव्हता. मग एका स्थानिक संस्थेकडे मदतीचा अर्ज केला. संस्था कुठली हे इथे महत्त्वाचं नाही. अर्ज कुणी फेकून दिला नाही, उलट प्रेमाने वाचला. मंडप मिळेल, म्हणाले. साउंड मिळेल. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, रस्त्यावर कमान, चौकात फ्लेक्स, सगळं मिळेल. फक्त दोन ओळींभोवती पेन्सिलीने गोल केला होता: फिल्म दाखवण्याच्या परवानगीची फी आणि प्रोजेक्टरचं भाडं. “याला हेड नाही,” साहेब म्हणाले.

हेड म्हणजे लेखाशीर्ष. सरकारी किंवा निमसरकारी पैसा खर्च करायचा तर तो कुठल्या तरी शीर्षाखाली दाखवावा लागतो. तर आमच्या महोत्सवातून फिल्म तेवढी वगळली की बाकी सगळ्याला शीर्ष होतं.

बाहेर पडल्यावर आम्ही खूप हसलो. पण ते वाक्य पुढे डोक्यातून जाईना. मी एमएस्सी केमिस्ट्रीचा, पीएचडीला मातीतले जड धातू मोजतो, इतिहासाशी माझा परीक्षेपुरता संबंध. पण माझी फेलोशिप सार्वजनिक पैशातून येते. त्यामुळे सार्वजनिक पैसा कुठून निघतो, कुठपर्यंत पोचतो आणि नेमका कुठे अडतो, हा माझ्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे. पुढचे काही महिने लोकलमध्ये बसून जे वाचत गेलो ते इथे मांडतोय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सेट-नेटची तयारी करताय आणि “विषय कसा निवडायचा” असं विचारत असता. एक भाबडा प्रश्न बारीक होत होत संशोधनाचा प्रश्न कसा होतो, ते यात दिसलं तर बघा.

सुरुवातीला मला फक्त पूर्वीचं उदाहरण हवं होतं, अर्जाला जोडायला. समाजाने बाजूला ठेवलेल्या लोकांच्या कलेचा महोत्सव आणि त्याला शहराच्या तिजोरीतून पैसा, असं जगात कुठे झालंय का? झालंय. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात मायामी बीच नावाचं शहर आहे. समुद्र, हॉटेलं आणि पर्यटक यांवर जगणारं. तिथे ‘अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल’ भरतो, कृष्णवर्णीय दिग्दर्शक-कलावंतांचा, आणि त्याच्या प्रायोजकांत खुद्द शहर आहे. हा महोत्सव १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला सुरू झाला आणि २००२ मध्ये मायामी बीचला आला. मधली काही वर्षं लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशी दुसरी शहरं फिरून पुन्हा तिथेच परतला.

झालं, उदाहरण सापडलं. साध्या अर्जासाठी एवढं पुरेसं होतं. पण लॅबमध्ये आम्हाला एक सवय लावतात. नमुन्यात एखादा धातू सापडला की आधी विचारायचं, हा इथे आला कुठून, आणि आधी किती होता. म्हणून त्या शहराचं २००२ च्या आधीचं वाचायला घेतलं.

हे तेच मायामी बीच, जिथे १९३० च्या दशकात हॉटेलांमध्ये आणि घरांमध्ये कामाला येणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागे. फोटो, बोटांचे ठसे आणि जवळ बाळगायचं ओळखपत्र. अंधार पडल्यावर त्या कार्डाशिवाय शहरात दिसलं तर खैर नसे. कलावंतांचीही तीच गत. हॅरी बेलाफाँटे, एला फिट्झजेराल्ड, सॅमी डेव्हिस ज्युनियर ही माणसं तिथल्या हॉटेलांत गायची, टाळ्या घ्यायची आणि झोपायला खाडीपलीकडच्या ओव्हरटाउन वस्तीत जायची. २५ फेब्रुवारी १९६४ ला कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली, मायामी बीचच्याच सभागृहात जगज्जेता झाला. ती रात्र त्याने ब्राउन्सव्हिलमधल्या हॅम्प्टन हाउस या मोटेलमध्ये माल्कम एक्स, सॅम कूक आणि जिम ब्राउन यांच्यासोबत काढली. २०२० चा ‘वन नाइट इन मायामी’ हा चित्रपट त्याच रात्रीवर बेतलेला आहे.

मग १९९०. फेब्रुवारीत नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले आणि जूनच्या शेवटी मायामी बीचच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कामगार संघटनेच्या अधिवेशनाला आले. त्याआधी काहीच दिवस टीव्हीवर त्यांनी फिडेल कॅस्ट्रोंविषयी कृतज्ञता व्यक्त केली होती. क्युबातून पळून आलेल्यांची त्या भागात मोठी वस्ती. तिथले महापौर बिथरले आणि शेजारच्या मायामी शहराने मंडेलांच्या गौरवाचा जाहीरनामाच मागे घेतला. यावर एच. टी. स्मिथ या वकिलाच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी सगळ्या मायामी परिसराच्या पर्यटनावर बहिष्कार घातला. मोर्चा नाही, दगडफेक नाही. आमची अधिवेशनं आणि आमच्या सहली तुमच्याकडे येणार नाहीत, एवढंच. सुमारे तीन वर्षं हे चाललं आणि कोट्यवधी डॉलर बुडाले. १९९३ मध्ये तडजोड झाली. पर्यटन व्यवसायात कृष्णवर्णीयांना शिक्षण, नोकऱ्या, कंत्राटं, आणि मायामी बीचवर कृष्णवर्णीय मालकाचं एक मोठं हॉटेल उभं राहावं म्हणून शहराची मदत. ते हॉटेल, रॉयल पाम, उघडलं २००२ मध्ये. महोत्सवही त्याच वर्षी आला.

इथे थांबा. दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणायचं नसतं, आणि मी म्हणतही नाही. हॉटेल आणि महोत्सव यांना जोडणारा कागद माझ्या हातात नाही. माझ्यापुरती एवढीच गोष्ट निघाली, की शहराची प्रायोजकता हा आकाशातून पडलेला उदारपणा नव्हता. आपला पैसा रोखून धरता येतो हे त्या लोकांनी आधी दाखवून दिलं होतं. आणि शहर जो पैसा देतं, तो कलेच्या प्रेमापेक्षा हॉटेलच्या भरलेल्या खोल्या मोजून देतं. याचं मला वाईट वाटलं नाही. खोल्या मोजणारा निदान काय मोजतो ते सांगतो तरी.

अर्ज तिथेच राहिला आणि मी आपल्याकडे वळलो. महाराष्ट्रात बाजूला ठेवलेल्या लोकांसाठी नगरपालिकेने केलेला सगळ्यात गाजलेला ठराव कुठला? तो आमच्याच जिल्ह्यात सापडला. महाड. कर्जत जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, महाड दक्षिण टोकाला, आणि तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेत सगळेच शिकतात. पण शाळेत आपण तळं बघतो, नगरपालिकेचं कागदपत्र बघत नाही. यावेळी मी उलटं केलं. फक्त ठराव आणि त्यांच्या तारखा काढल्या.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ‘सार्वजनिक पैशातून’ हे शब्द नीट बघा. बोल्यांनी धर्मशास्त्राशी वाद घातलाच नाही. पैसा सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचं.

५ जानेवारी १९२४. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक माणसं नगरपालिकेत होती म्हणून हे झालं.

आणि पुढची तीन वर्षं? काही नाही. तळ्याच्या चहूबाजूंनी स्पृश्यांची घरं. ठराव दप्तरात, अस्पृश्य पाण्यापासून लांब, आणि तळ्यावर जायला वाट देईल, संरक्षण देईल असं कुणी नाही. आपण मिनिट-बुक उघडून “१९२४ मध्ये तळं खुलं झालं” असं प्रबंधात लिहिलं, तर कागदाप्रमाणे ते बरोबर असेल आणि प्रत्यक्षात साफ चूक. ठराव हा हेतूचा पुरावा असतो. घटनेचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

बोल्यांना हे कळलं असणार, कारण ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला. पहिला ठराव ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं अमलात आणणार नाहीत, त्यांचं अनुदान थांबवा. हा दुसरा ठराव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो किंवा येतच नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. अशी कल्पना करा, की एक माणूस तीन वर्षं आपल्याच ठरावाकडे बघत बसलाय, तो हलत का नाही याचा विचार करतोय, आणि शेवटी त्याला कळतं की ठरावाला चाक लावायचं तर ते पैशाचं लागेल.

१९-२० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली आणि २० तारखेला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. १९२४ चा ठराव खरा झाला तो त्या दिवशी, तोही प्यायला आलेल्यांनी केला. लगेच लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, विधिमंडळातल्या पहिल्या ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जोवर कुणी पाणी प्यायला आलं नव्हतं, तोवर ठरावाची कुणालाच अडचण नव्हती.

डिसेंबरात स्पृश्यांपैकी काहींनी दावा लावला की तळं खासगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट आहे. खटला खालच्या कोर्टातून वर जात जात मुंबई उच्च न्यायालयात संपला, १७ मार्च १९३७ ला. तळं नगरपालिकेचं ठरलं आणि अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही. निकाल देणारे न्या. ब्रूमफिल्ड, १९२२ मध्ये गांधींना शिक्षा सुनावणारे तेच. पहिल्या नगरपालिका ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षं गेली.

महाडनंतर माझा प्रश्न थोडा बदलला. ‘शहर पैसा देतं का’ हे विचारण्यात फार अर्थ नव्हता. देणाऱ्याने नक्की कशाला पैसा दिला, तळ्याला की पाणी पिण्याला, हे विचारायला हवं होतं. चित्रपटाच्या भाषेत सांगायचं तर बनवायला दिला, की दाखवायला?

आता चित्रपटाकडे. आणि हा भाग आमच्या गावाशेजारून सुरू होतो. पनवेलहून कर्जतला येताना चौकच्या आसपास डोंगराच्या पायथ्याशी राजवाडे, बुरूज असलं काहीबाही दिसायचं. लहानपणी मला ते खरेच किल्ले वाटायचे. तो एन. डी. स्टुडिओ, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभा केलेला. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. आता तो राज्य सरकारच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला आहे, म्हणजे सार्वजनिक पैशाच्या गोष्टीतच आला. देसाईंच्या नावाबरोबर लोकांना ‘लगान’ आणि ‘देवदास’ आठवतात. पण कलादिग्दर्शनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटासाठी.

हा चित्रपट म्हणजे माझ्या प्रश्नाला आयतं मिळालेलं उदाहरण. पैसा पूर्ण सरकारी: केंद्राचं सामाजिक न्यायाचं खातं, महाराष्ट्र शासन, आणि निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची. पटकथेत सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार. ‘बलुतं’ लिहिणारा माणूस बाबासाहेबांच्या चित्रपटाची पटकथा लिहितोय आणि पैसा सरकार देतंय, हे दृश्य छोटं नाही. बाबासाहेबांच्या भूमिकेत मामुट्टी, रमाबाई सोनाली कुलकर्णी, गांधी मोहन गोखले, कॅमेरा अशोक मेहतांचा. चित्रपट इंग्रजीत. १९९८ सालच्या चित्रपटांसाठीच्या, म्हणजे ४६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला इंग्रजीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, अभिनयाचा (मामुट्टींना, अजय देवगणबरोबर विभागून) आणि कलादिग्दर्शनाचा असे तीन पुरस्कार मिळाले.

प्रदर्शित कधी झाला? डिसेंबर २००० मध्ये.

परीक्षकांनी बघितला, पुरस्कार दिले, आणि ज्यांच्यासाठी केला ते लोक अजून वाट बघतायत. तमिळ आवृत्तीचं तर विचारूच नका. ती वर्षानुवर्षं पडून होती. तमिळनाडू सरकारने प्रदर्शनाला मदत म्हणून १० लाख रुपये दिले, तरी हलेना. शेवटी एका वकिलाने मद्रास उच्च न्यायालयात याचिका केली, तिथल्या पुरोगामी लेखक-कलावंतांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि ३ डिसेंबर २०१० ला तमिळ आवृत्ती थिएटरात लागली. मूळ चित्रपटानंतर दहा वर्षांनी आणि कोर्टाची पायरी चढून. महाडची आठवण येते की नाही?

कुणी म्हणेल, सरकारला चित्रपट दाखवता येत नाहीत, ते त्याचं कामच नाही, वितरण हा धंद्याचा भाग आहे. मलाही आधी असंच वाटलं होतं. पण फिल्म्स डिव्हिजनचा इतिहास वाचला आणि हे स्पष्टीकरण गळून पडलं. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट आणि वार्तापट देशातल्या प्रत्येक थिएटरला मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. परवान्याची अटच होती तशी, आणि वर थिएटरवाल्यांनीच त्याचं भाडं भरायचं. आमचे आजोबा सांगायचे, सिनेमा चुकला तरी चालेल पण इंडियन न्यूज चुकायची नाही, कारण ती सुरू असतानाच बिडी ओढून घेता यायची. तर दाखवायची यंत्रणा सरकारने कित्येक दशकं चालवली होती. धरणं दाखवली, कुटुंबनियोजन दाखवलं. दाखवायचं ठरवलं की दाखवता येत होतं.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांनी त्यांना १९८५ च्या ‘हमारा शहर’ मध्ये गाताना टिपलं होतं. पटवर्धनांनी तिथून पुढे चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ तयार झाला. सरकारचा पैसा शून्य. पहिला जाहीर खेळ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर. ज्यांची गोष्ट त्यांच्यासमोर आधी. आणि त्यानंतर लगेच हा चित्रपट मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात, मिफमध्ये, पुरस्कार घेऊन गेला. मिफ तेव्हा कुणाचा होता? फिल्म्स डिव्हिजनचा, महाराष्ट्र शासनाच्या सहकार्याने भरणारा. पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी करणारी फिल्म, आणि तिला बक्षीस सरकारी महोत्सवात.

हे वाचून “बघा, आपली व्यवस्था किती मोकळी” असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. म्हणून त्याच महोत्सवाचं आधीचं वर्ष बघितलं, आपली सवय. २००४ च्या मिफसाठी भारतीय फिल्मना सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं अशी अट आली होती. परदेशी फिल्मना ती नव्हती. माहितीपटवाल्यांनी देशभर विरोध केला आणि अट मागे घ्यावी लागली. पण निवड जाहीर झाली तेव्हा बऱ्याच अडचणीच्या फिल्म गळाल्या होत्या, गुजरातवरची ‘फायनल सोल्यूशन’ त्यात. तेव्हा दिग्दर्शकांनी त्याच दिवसांत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा महोत्सव भरवला, ‘विकल्प’. तर २०१२ चा पुरस्कार समजून घ्यायचा असेल तर २००४ ची ती गर्दी हिशोबात धरावी लागते. संस्था तीच, कायदा तोच. मध्ये काय बदललं? परीक्षक मंडळ वेगळं होतं हे एक. आणि गाळलं तर लोक शेजारी जाऊन दाखवतात हे संस्थेला कळून चुकलं होतं, हे दुसरं. यातलं पहिलं मी सिद्ध करू शकतो. दुसरं माझं मत आहे, ते मत म्हणूनच घ्या.

कृष्णवर्णीयांची आणि आपली तुलना मी ओढूनताणून करतोय असं वाटेल, पण ती माझी नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाविषयी विचारलं होतं आणि डू बॉइसनी जुलैच्या शेवटी उत्तरही पाठवलं. १९७२ मध्ये ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने संघटनेचं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दलित चित्रपट महोत्सव भरला तो न्यूयॉर्कमध्ये, बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात. पा. रंजित आणि नागराज मंजुळे तिथे पाहुणे होते. मंजुळेंचं जेऊर गाव सोलापूर जिल्ह्यात. जेऊरहून न्यूयॉर्कला पोचायला पडदा मिळाला, याचा आनंद आहेच. पण मधल्या तालुक्यांचं काय, हा आमच्या अर्जातला प्रश्न तसाच राहतो.

आणि दाखवण्यात ‘कोण बघणार’ हेही येतं. मलयाळममधला पहिला मूकपट ‘विगतकुमारन’. त्याची नायिका पी. के. रोझी दलित होती आणि तिने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून लोक चवताळले. तिरुवनंतपुरमला चित्रपट लागला तेव्हा तिला थिएटरात शिरू दिलं नाही. पडद्यावर ती होती, खुर्चीत नाही. पुढे तिला गावच सोडावं लागलं. आज चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेतर्फे तिच्या नावाने महोत्सव भरतो.

आता कामाचं. यावर तुमच्यापैकी कुणाला संशोधन करायचं असेल, तर जागा भरपूर आहे. महाराष्ट्रातल्या नगरपालिका जयंत्या, व्याख्यानमाला, प्रबोधन पर्वं यांवर दरवर्षी खर्च करतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कर्तव्यांचे दोन भाग आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. संस्कृतीवरचा खर्च दुसऱ्या भागात मोडतो, म्हणून तो मनावर असतो. कुणाच्या, ते शोधा. ठरावाच्या प्रतीवर थांबू नका. अंदाजपत्रकात पुढच्या वर्षाच्या तरतुदीशेजारी मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही छापलेला असतो, नजर त्या रकान्यावर ठेवा. त्याच्याही खाली जायचं तर देयकं बघावी लागतात. मंडपवाल्याला किती, कलावंताला किती. माहिती अधिकारात मागता येतात. अर्जात “सांस्कृतिक कार्यक्रमांची सर्व माहिती द्यावी” असं लिहिलंत तर मोघम म्हणून परत येईल. वर्ष लिहा, लेखाशीर्ष लिहा, कागदाचं नाव लिहा. आणि एक तुलना आधीच ठरवून ठेवा, नाहीतर आकडे नुसते जमा होतात. ज्या वर्षी निवडणूक होती आणि ज्या वर्षी नव्हती, अशी साधी जोडीसुद्धा चालेल. आमच्यात याला कंट्रोल म्हणतात. इतिहासवाले काय म्हणतात ते त्यांना विचारा, पण त्यांनाही लागतो.

आमच्या महोत्सवाचं काय झालं ते राहिलंच. तीनऐवजी एकच संध्याकाळ झाली. एका तरुण दिग्दर्शकाने लघुपट फुकट दाखवायची परवानगी दिली, प्रोजेक्टर एका मास्तरांच्या क्लासमधून आणला आणि विहाराच्या भिंतीवर चादर ताणली. मंडप, कमान, शाल-श्रीफळ यातलं काही नव्हतं. चादर वाऱ्याने हलत होती, त्यामुळे माणसांचे चेहरे मधूनच लांबट व्हायचे आणि पोरं खिदळायची. यंदा पुन्हा अर्ज घेऊन त्याच कचेरीत गेलो. साहेब मीटिंगला होते. बाहेर बसलेल्या क्लार्क काकांनी कागद वाचला आणि हळूच म्हणाले, “प्रोजेक्टर लिहू नको रे, ‘प्रकाश व्यवस्था’ लिही. तिला हेड आहे.” तसं लिहिलं. फिल्मच्या फीला काय म्हणायचं ते मात्र काकांनाही सुचलं नाही. ती ओळ सध्या कोरी सोडली आहे.